माडीवरचा गेम खालच्या टीव्हीवर: सुट्ट्यांआधीची तयारी

आधी टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावा. बाकी सगळं नंतर. गेल्या मे महिन्यात परभणीच्या घरी भाचे-पुतणे जमले होते. माडीवरच्या पीसीतला गेम खाली बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर खेळायचा घाट मी घातला आणि अडीच तास वायफायला शिव्या देत बसलो. पुतण्या सारखा म्हणायचा, "काका, मी दाबायलोय, पण ह्योच उडी मारंना!" राउटर तीनदा बंद-चालू केला. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला चित्रासाठी जाणारा डेटा, पार ५ एमबीपीएसवर आणून चित्राचा चिखल केला, तरी उडी उशिराच. पोरं कंटाळून पत्ते खेळायला गेली. रात्री कळलं, वायफाय बिचारं नीट चालू होतं. टीव्हीच प्रत्येक फ्रेमला पावडर-कुंकू लावून मग बाहेर पाठवत होता.

हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून टीव्ही पुढची फ्रेम येईपर्यंत हातातली धरून ठेवतो, मधली स्वतःच रचतो, वर रंग-धार चढवतो. यात सहज १०० मिलिसेकंद जातात. ६० फ्रेमच्या गेमात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे सहा फ्रेमचा उशीर. गेम मोड लावला की हे सोपस्कार बंद. आणि एक मेख: बऱ्याच टीव्हींत हा मोड प्रत्येक एचडीएमआयला वेगळा असतो. एकला लावला आणि वायर दोनमध्ये खोचली तर पुन्हा पहिले पाढे.

आता तार. गेमचं चित्र पाठवणारं सनशाइन सॉफ्टवेअर वरच्या पीसीत, ते घेऊन दाखवणारं मूनलाइट टीव्हीला जोडलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये, एवढं केलेलंच असेल. सनशाइनचंच काम करणारं स्वतःचं गेमस्ट्रीम एनव्हिडियाने २०२३ मध्ये गुंडाळलं, त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ बघून वेळ घालवू नका. पीसी ते राउटर लॅन केबल हवीच. आमच्या घराच्या भिंती दीड हात जाड, मातीच्या. ५ गीगाहर्ट्झचं वायफाय त्यातून जाता जाता दमतं आणि २.४ वर शेजारपाजारचे सगळे राउटर कलकलाट करत असतात. जमलं तर लॅपटॉपलाही तार द्या. नाहीच जमलं तर निदान राउटर लॅपटॉपच्याच खोलीत आणा. केबलवाला आठाऐवजी चारच तारा दाबून देतो, मग वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. पण १०८०पी ६० फ्रेमला २० एमबीपीएस पुरतात, तेव्हा त्यावरून भांडू नका. इंटरनेटचा महागडा प्लॅनही घेऊ नका. खेळ घरातल्या घरात फिरतोय, बाहेर जातच नाही!

चित्र टिकवायचं तर बिटरेट २० पासून सुरू करून ३०-४० पर्यंत चढवत जा. गवत, पाऊस, धूर आला की ठोकळे दिसतात का ते बघा. एचईव्हीसी कोडेक (चित्र दाबून लहान करायची नवी पद्धत) तेवढ्याच बिटरेटमध्ये बरं चित्र देतो, पण लॅपटॉप इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीचा असेल तर जुनी एच.२६४ च ठेवा, नाहीतर सगळं ओझं प्रोसेसरवर पडून तो धापा टाकतो. काळ्यावर बारीक लाल अक्षरं फिसकटतात, त्याला बिटरेटचा इलाज नाही: साध्या व्हिडिओत रंगाची माहिती चौथाईच पाठवली जाते. गेमची फ्रेम-मर्यादा ६० ला बांधा, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या ठेक्याशी जुळवणारी गेममधली सेटिंग) बंद, आणि ग्राफिक्स अल्ट्रावरून एक पायरी खाली. ग्राफिक्स कार्ड ९९ टक्क्यांवर घाम गाळत असेल तर फ्रेम पकडून पाठवायला त्याला फुरसत कुठली?

मूनलाइटमध्ये कंट्रोल-अल्ट-शिफ्ट-एस दाबलं की आकडे दिसतात. नेटवर्कला वेळ किती, डिकोडला (आलेलं चित्र उलगडायला) किती, गळालेल्या फ्रेम किती. मी इथेच फसलो. आकडे सगळे सुरेख होते, कारण एचडीएमआयच्या पलीकडे टीव्ही काय करतो ते या आकड्यांत येतच नाही. म्हणून लॅपटॉप आणि टीव्हीवर एकच चित्र ठेवा, मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लावा, मोबाइलने दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे टीव्हीचा उशीर. फरक मोठा दिसला की गेम मोड बघा. आधी बघितला असला तरी परत बघा. माझ्या आईला त्या मोडात मालिका फिक्या दिसतात, ती गुपचूप बदलून ठेवते.

उन्हाचं. पारा ४२-४३ ला असताना पत्र्याखालची माडी म्हणजे भट्टी. पीसी तापला की आपोआप मंदावतो आणि खाली चित्र अडखळतं. कुलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. मी एकदा सोडला होता, बायको अजून काढते. दुपारी खेळूच नका. लाईट जायचीच, त्यामुळे इन्व्हर्टरमागचं बटण यूपीएसवर ठेवा, नाहीतर बदलाच्या त्या क्षणात राउटर आणि पीसी दोन्ही बसतात. राउटरला छोटा वेगळा यूपीएस मिळतो, तो घ्याच.

कंट्रोलर वायरचा. ब्लूटूथ हेडफोन नको, आवाज मागून येतो. लॅपटॉप चार्जरवर, बॅटरीवर तो आळशी होतो. अपडेट आदल्या रात्री. बाकीच्यांना यूट्यूब त्यांच्या त्यांच्या डेटावर बघू द्या.

रिमोटचे सेल नवे घाला. ते संपले तर गेम मोड लावणार कशाने?