फील्ड प्रायव्हेट केलं तरी डेटा बाहेरून बदलतोय? या चुका टाळा

फील्ड प्रायव्हेट केलं, आयडीईकडून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरकडून) सगळ्यांचे गेटर-सेटर (फील्ड वाचायच्या आणि बदलायच्या मेथड) जनरेट करून घेतले की एनकॅप्सुलेशन, म्हणजे क्लासचा डेटा बाहेरच्यांपासून झाकणं, झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण सेटर सगळ्यांना मोकळा असेल तर ते फील्ड पब्लिक असल्यासारखंच आहे.

जावामधे सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे गेटरमधून आतली अ‍ॅरेलिस्ट जशीच्या तशी बाहेर देणं. समजा बिल नावाचा क्लास आहे, त्यात आयटम्सची लिस्ट आणि एकूण रक्कम, आयटम टाकला की रक्कम वाढवायची हा नियम बिलच्या मेथडमधे लिहिलाय. आता बाहेरच्या कोणीतरी गेटरने लिस्ट घेतली आणि तिच्यावरच थेट अ‍ॅड मारलं, तर बिलला पत्ताच नाही, आयटम तीन आणि रक्कम दोघांचीच. एक्सेप्शन काहीच येत नाही त्यामुळे शोधताना अक्षरशः जीव जातो. फील्डला फायनल लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका, फायनलने रेफरन्स बदलत नाही एवढंच, आतला माल बदलतोच. जावा 16 चे रेकॉर्डसुद्धा (फक्त डेटा धरून ठेवणारे छोटे क्लास) लिस्टची कॉपी आपोआप करत नाहीत.

गुन्हेगार शोधायचा असेल तर गेटरमधे कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट लावा आणि टेस्ट चालवा, जो कोड लिस्ट बदलायला जातो तिथेच अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन फुटेल आणि स्टॅक ट्रेसमधे नेमकी ओळ दिसेल. मग ते सगळे कॉल बिलच्या मेथडमधून वळवा. कन्स्ट्रक्टरमधे आलेली लिस्ट मात्र लिस्ट.कॉपीऑफने (किंवा पुढे आयटम टाकायचे असतील तर नवीन अ‍ॅरेलिस्टमधे) कॉपी करूनच ठेवा, नाहीतर ज्याने ती दिली त्याच्याकडे चावी राहतेच, हे हमखास विसरलं जातं. जुन्या डेट क्लासचंही तसंच, त्याला सेटटाइम आहे, त्यापेक्षा जावा 8 पासूनचा लोकलडेट बरा.

कपलिंगची (एका क्लासने दुसऱ्यावर जास्त अवलंबून राहण्याची) चूक दिसायला साधी असते: ऑर्डरकडून कस्टमर, कस्टमरकडून पत्ता, पत्त्यातून पिनकोड अशी गेटरची माळ. उद्या एका कस्टमरचे दोन पत्ते झाले की ही माळ जिथे जिथे आहे ते सगळे क्लास उघडावे लागतात. ऑर्डरलाच डिलिव्हरीचा पिनकोड विचारा ना!

आणि मेथड फुकट मिळतात म्हणून दुसऱ्या क्लासला एक्स्टेंड करू नका, म्हणजे त्याचा वारसा घेऊ नका. खुद्द जावाचा स्टॅक (शेवटी टाकलेलं आधी काढायचं अशी रचना) व्हेक्टर या लिस्टच्या क्लासला एक्स्टेंड करतो, म्हणून आजही त्या स्टॅकच्या मधोमध एलिमेंट घुसवता येतं, त्याऐवजी अ‍ॅरेडेक घ्या आणि व्हेरिएबलचा टाइप डेक ठेवा.