द्राक्षबागेतलं हॉटेल: नव्या आर्किटेक्टसाठी थोडं अनुभवाचं

पहिल्या नोकरीत नाशिककडच्या एखाद्या वायनरीच्या हॉटेलचं काम वाट्याला आलं, तर प्लॅन काढायला बसण्याआधी बाग सांभाळणाऱ्या माणसाला गाठा. गंगापूर धरणाच्या बाजूला अशा एका कामावर मी होते. इमारत कुठे बसवायची, याची निम्मी उत्तरं मला बागेच्या वेळापत्रकातून मिळाली.

क्लायंटच्या डोळ्यासमोर कायम हिरवीगार बाग असते. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उरतात खोडं, तारा आणि अँगल; उन्हाळी सुट्टीतले पाहुणे नेमके तेव्हाच येतात. म्हणून खिडकीतून बागेइतकाच पलीकडचा डोंगर आणि धरणाचं पाणी दिसायला हवं. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, भल्या पहाटे. क्रेट लादण्याचा आवाज खोल्यांपर्यंत जाऊ द्यायचा नसेल, तर ट्रॅक्टरचा रस्ता आधी आखा. पावसाळ्यानंतरच्या छाटणीपासून डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. ब्लोअरचा, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचा, फवारा वाऱ्याबरोबर लांब जातो. ओळींच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायला जागा सोडावीच लागते. ती थोडी वाढवून फवारा अडवायला तिथे देशी झाडांची दाट रांग घ्या.

जागा निवडताना सेक्शन, म्हणजे जमिनीचे उभे छेद, काढा, भरपूर काढा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावाच लागतो. चांगली काळी जमीन वेलींना ठेवावी आणि मातीचा थर पातळ असेल तिथे बांधावं, हे माझं ठाम मत. उताराच्या अगदी माथ्यावर मात्र नको. थोडं खाली सरकलं की छप्पर डोंगराच्या रेषेखाली राहतं.

दगडासाठी कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातली डॉमिनस वायनरी जरूर अभ्यासा. हर्झोग आणि द मूरॉन या स्विस आर्किटेक्टांनी १९९०च्या दशकात तारेच्या जाळ्यांत तिथलाच बेसॉल्ट भरून तिच्या भिंती केल्या. जड दगडामुळे दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा आत कमी जाणवतो, आणि दगडांमधल्या फटींतून उजेड झिरपतो. आपल्याकडे बेसॉल्ट तर पायाखालीच आहे.

पण तो कसा लावायचा, हे कागदावर ठरत नाही. नुकता फोडलेला दगड निळसर करडा दिसतो. बांधावर वर्षानुवर्षं पडून असलेला तपकिरी, शेवाळाचे डाग असलेला. बाग लावताना निघालेले तेच दगड आम्ही यूसीआरच्या, म्हणजे ओबडधोबड दगड थर न जुळवता रचलेल्या, भिंतींना वापरले. गवंड्याकडून आधी नमुन्याची भिंत बांधून घेतली. सिमेंटचे सांधे दगडाच्या तोंडापर्यंत भरले, की लांबून पांढरट जाळं दिसायचं. सांधे इंचभर आत दाबले, तर फक्त सावली दिसायची. गवंड्यानेच सुचवलं, भिंत पाणी मारून ओली करून बघा, पावसाळ्यात ती तशीच दिसणार. ओली भिंत जवळजवळ काळी झाली. तिच्यावरचं फिकट रंगाचं छप्पर एकदम उपरं वाटलं, आणि छपराचा रंग त्याच दुपारी बदलला.

अशी भिंत पायाच्या कामाबरोबरच बांधून घ्या. ठेकेदाराने दगडाची मोठी ऑर्डर दिली, की मग काही बदलता येत नाही.