तान्ह्या बाळाचा मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघत नाहीत

आजोबांचा मोतीबिंदू वर्षभर ‘पिकू दे, मग बघू’ म्हणत ढकलला, तरी ऑपरेशननंतर बहुतेकदा नजर परत येते. कारण त्यांच्या मेंदूला बघायचं कसं ते साठ वर्षांपासून ठाऊक असतं. तान्ह्या बाळाचा मेंदू ते पहिल्या काही आठवड्यांतच शिकायला लागतो. मोतीबिंदूमुळे डोळ्याचं भिंग गढूळ असेल तर शिकायला चित्रच पोचत नाही, आणि मग पुढे कितीही स्वच्छ ऑपरेशन केलं तरी डोळा ‘आळशी’ राहतो. दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, दोन्ही डोळ्यांत असेल तर सहाव्या ते आठव्या आठवड्यात ऑपरेशन गाठायचं असतं. चार आठवड्यांच्या आत घाई केली तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून त्याहून आधीही सहसा करत नाहीत.

म्हणजे हातात महिना-दीड महिना. धोक्याची कारणं आधी माहीत हवीत ती यासाठी, की कोणत्या बाळाचे डोळे पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यायचे हे ठरवता येतं.

सुरुवात घराण्यापासून करा. ‘घरात कोणाला डोळ्यांचा त्रास आहे का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही, फक्त चष्मा.’ त्याऐवजी नेमकं विचारा: लहानपणी कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं का? कोणाचे डोळे सारखे हलतात का, तिरळे आहेत का? कोणी जन्मापासून आंधळं किंवा बहिरं आहे का? आनुवंशिक मोतीबिंदूचा सगळ्यात नेहमीचा प्रकार असा, की आई किंवा वडील यांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो आणि प्रत्येक बाळंतपणात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. गंमत म्हणजे त्या आईला किंवा वडिलांना स्वतःला काही जाणवत नसतं; भिंगात एखादा बारीक ठिपका, बस. म्हणून बाळाच्या महागड्या तपासण्यांआधी दोन्ही पालकांचे डोळे बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पवर, म्हणजे नेत्रतज्ज्ञाच्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर, बघून घ्या. इतकं कमी खर्चाचं आणि इतकं सांगून जाणारं दुसरं काही नाही.

आपल्याकडे मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांत लग्नं होतात. अशा जोडप्यात दोघांकडे एकच सुप्त दोष असू शकतो. तसा असेल तर प्रत्येक बाळात तो उमटण्याची शक्यता २५ टक्के. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाचे डोळे न चुकता तपासायचे. मुलगा अगदीच लुळा वाटत असेल आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल, तर लोव सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा विचार करून मूत्रपिंडंही तपासतात. हा दोष आईकडून मुलग्यात येतो.

आता गरोदरपण. इथे सगळ्यात मोठा आणि टाळता येण्यासारखा गुन्हेगार म्हणजे रुबेला, जुन्या भाषेत जर्मन गोवर. १९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी गरोदरपणातला हा आजार आणि बाळांचा मोतीबिंदू यांचा संबंध दाखवला. आईला दोन-तीन दिवस बारीक ताप, चेहऱ्यापासून सुरू होणारं फिकट गुलाबी पुरळ, कानामागे गाठी, एवढंच होतं. पुष्कळ जणींना तेवढंही होत नाही. पण पहिल्या १२ आठवड्यांत संसर्ग झाला तर बाळाला इजा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. मोतीबिंदूबरोबर हृदयाचा दोष आणि बहिरेपणा येऊ शकतो, म्हणून अशा बाळाची टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि कानांची तपासणीही तेव्हाच करा.

भारतात गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ पासून टप्प्याटप्प्याने झाली, महाराष्ट्रात ती २०१८ मध्ये आली आणि ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना डोस मिळाले. साधारण २००३ च्या आधी जन्मलेल्या मुली त्यातून सुटल्या. अशा मुलीने लग्नानंतर, दिवस राहण्याआधी ही लस घ्यावी आणि पुढचा एक महिना गरोदरपण टाळावं. गरोदर असताना ती देत नाहीत. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असतानाही चालते.

‘टॉर्च’, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांच्या रक्त तपासणीचा कागद हातात आला की घाबरगुंडी उडते, म्हणून एक गोष्ट पक्की ठेवा. आयजीजी आणि आयजीएम ही रक्तातली संसर्गाविरुद्धची प्रतिपिंडं. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संसर्ग किंवा लस होऊन गेली. रुबेलाच्या बाबतीत ती चांगलीच बातमी. नव्या संसर्गाची शंका आयजीएममुळे येते, तीही पुन्हा तपासून पक्की करावी लागते. बाळाच्या रक्तातलं आयजीजी आईकडून आलेलं असतं, त्यावरून बाळाचं निदान करू नये. रुबेलाखेरीज टॉक्सोप्लाझ्मा, सायटोमेगॅलो विषाणू, कांजिण्या, हर्पीस सिम्प्लेक्स आणि सिफिलिस यांनीही मोतीबिंदू होऊ शकतो. ग्रहणात भाजी चिरल्याने मात्र होत नाही. त्या अपराधी भावनेतून आईला कृपया मोकळं करा.

जन्मानंतरचं एक कारण असं आहे की वेळेत पकडलं तर मोतीबिंदू विरूनही जाऊ शकतो: गॅलॅक्टोसेमिया. दुधातली गॅलॅक्टोज साखर बाळाला पचवता येत नाही. दूध सुरू झालं की उलट्या, रेंगाळणारी कावीळ, वजन न वाढणं, आणि भिंगात तेलाच्या थेंबासारखी छटा. इथे चूक अशी होते: लघवीची साखर नेहमीच्या पट्टीने बघतात. ती पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, गॅलॅक्टोज नाही. बेनेडिक्टची चाचणी लागते, तीही बाळ दुधावर असताना. दोन दिवस नुसतं सलाईन चालू असेल तर ती खोटी निगेटिव्ह येते. रक्तातल्या एन्झाइमचा नमुना रक्त चढवायच्या आधी काढायचा, नाहीतर रक्तदात्याच्या पेशीच मोजल्या जातात. निदान झालं तर आईचं दूधही बंद करून सोयाची पावडर देतात, पण हा निर्णय डॉक्टरांचाच.

रक्तातलं कॅल्शियम किंवा साखर फार कमी होणं हेही कारण असतं. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल आणि तो डोळा दुसऱ्यापेक्षा लहान दिसत असेल, तर बहुधा गर्भात असताना डोळ्याच्या आत असलेल्या रक्तवाहिन्या विरायच्या राहून गेलेल्या असतात. तिथे आईच्या आजारपणाचा शोध घेत बसण्यात अर्थ नाही. आणि सगळं तपासूनही कारण न सापडणं अगदी नेहमीचं आहे.

बघायचं कसं? डॉक्टर किंवा नर्स अंधाऱ्या खोलीत साधारण हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोप या डोळे तपासायच्या छोट्या उपकरणाचा उजेड दोन्ही डोळ्यांवर एकदम टाकतात. दोन्ही बाहुल्या सारख्याच लालसर-नारिंगी चमकायला हव्यात; यालाच रेड रिफ्लेक्स म्हणतात. सावळ्या बाळात ही चमक जरा मंद असते, पण दोन्हीकडे सारखी. एक काळी, डागाळलेली किंवा पांढरी दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ. प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी ‘रेड रिफ्लेक्स बघितला का?’ असं सरळ विचारा आणि फाइलवर लिहून घ्या.

घरी मोबाइलच्या फ्लॅशने मीटरभरावरून, बाळ समोर बघत असताना, दोन-चार फोटो काढता येतात. ‘रेड आय’ घालवणारी सोय आधी बंद करा. बाळ नाकाकडे बघत असेल तर निरोगी डोळाही कधी पांढरा दिसतो, म्हणून एका फोटोवरून रडारड नको. आणि फोटो चांगला आला म्हणून तपासणी टाळणंही नको. पांढरी बाहुली रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचीही असू शकते, त्यामुळे ‘बारसं झाल्यावर जाऊ’ हे चालत नाही. सहा आठवड्यांचं बाळ पाजताना तोंडाकडे टक लावत नसेल, तीन महिन्यांचं बाळ हलता खुळखुळा डोळ्यांनी धरत नसेल किंवा डोळे सारखे लकलकत असतील, तर उशीर झालेलाच आहे, तरीही जा. काजळ, मध, अंगावरचं दूध, काहीही डोळ्यात घालू नका.

खर्चाची चिंता असेल तर आशाताईंमार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव द्या. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या या योजनेत जन्मजात मोतीबिंदू यादीतच आहे. पुढची व्यवस्था जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून होते.

रुबेलाचं निदान झालेलं बाळ वर्षभरापर्यंत लाळेतून आणि लघवीतून विषाणू सोडत असतं. बघायला येणाऱ्यांत कोणी गरोदर असेल तर तिला फोनवरच बाळ दाखवा. आणि घराण्यातला दोष निघाला, तर थोरल्या भावंडांचे डोळे याच खेपेला तपासून घ्या.