तोरिनोत नवीन आलात? आधी एक बार पकडा

सप्टेंबर उजाडला की इटलीतल्या या तोरिनो शहराच्या पोर्ता नुओव्हा स्टेशनवर दोन-दोन मोठ्या बॅगा ओढणारी आपली मुलं दिसायला लागतात. कुणी पॉलिटेक्निकला, म्हणजे इथल्या इंजिनियरिंगच्या विद्यापीठात आलेलं, कुणी नोकरीला, कुणी लग्न करून. मी सांगलीहून इथे आले त्याला चौदा वर्षं झाली. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

कागदपत्रांचं आधी उरकू. आल्यापासून आठ कामकाजी दिवसांत पेर्मेस्सो दी सोज्योर्नो, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. अर्जाचं पाकीट पोस्टात मिळतं. त्याला १६ युरोचा स्टॅम्प लागतो, तो तंबाखूच्या दुकानात घ्यायचा. पोस्टाने दिलेली पावती परवान्याचं कार्ड हातात येईपर्यंत जिवापाड जपा. दुसरं, कोदिचे फिस्काले. आपल्या पॅनसारखा हा नंबर; त्याच्याशिवाय घरभाड्याचा करार होत नाही की बँकेत खातं उघडत नाही. एवढं पहिल्या आठवड्यात झालं की पुढचं मन लावून करा.

घराजवळचा एक बार पकडा आणि रोज तिथेच जा. इथे बार म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान. घरी फोनवर बोलताना हे आधी समजावून सांगा, नाहीतर घरचे काळजीत पडतात. आत शिरताना मोठ्याने ‘बुओन्ज्योर्नो’ म्हणायचं. गुपचूप जाऊन कोपऱ्यात उभं राहिलं तर माणूस तुसडा वाटतो. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायची, सव्वा-दीड युरोत होते. टेबलावर बसलात तर, विशेषतः जुन्या नावाजलेल्या कॅफेंत, दर बराच वाढतो. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी काउंटरवर द्यायची असते, तेव्हा पुढचा माणूस काय करतोय ते बघा. काप्पुच्चिनो सकाळचा. जेवणावर मागितलात तर देतील, पण दूध पोटाला जड म्हणून इथली माणसं तो तेव्हा पीत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत तुम्ही दारात दिसलात की तुमची कॉफी मशीनवर लागलेली असेल. भाषा मला क्लासपेक्षा त्या काउंटरवर जास्त आली. खोली कुठे रिकामी होतेय, चांगला दातांचा डॉक्टर कोण, हेही तिथेच कळलं.

दुसरी जागा पोर्ता पालात्सो. युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक. सोमवार ते शुक्रवार दुपारपर्यंत आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत. घड्याळाच्या मोठ्या मांडवामागे शेतकऱ्यांचा वेगळा भाग आहे, भाजी तिथली घ्या. कोथिंबीर आणि पुदिना मोरोक्कन विक्रेत्यांकडे जुड्यांनी मिळतो. एक पथ्य पाळा: मालाला हात लावायचा नाही. पहिल्याच महिन्यात मी मंडईच्या सवयीने टोमॅटो दाबून बघितला आणि विकणाऱ्या बाई ओरडल्या. मला रडूच फुटायचं बाकी होतं. त्या गप्प झाल्या, मग खरबुजाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ‘आज खाणार की उद्या?’ आपल्याकडे आंबेवाला हापूस देताना विचारतो तसंच, अगदी तेच! मी उद्या म्हटलं. चार खरबुजं उचलून, देठाशी हुंगून त्यांनी पाचवं दिलं. आजही मी त्यांच्याकडेच जाते. (सुपरमार्केटचे नियम वेगळे. तिथे प्लॅस्टिकचा हातमोजा घालून फळं आपणच निवडायची, वजन करून चिकट लेबल लावायचं आणि मगच गल्ल्यावर जायचं.)

आता शाकाहाऱ्यांसाठी, कारण फसगत इथेच होते. ‘मांस नको’ एवढं सांगितलं की पुष्कळ ठिकाणी ट्यूना मासा येतो. म्हणून ‘ने कार्ने ने पेशे’, म्हणजे मांसही नको, मासाही नको, असं म्हणा. रिसोत्तो, म्हणजे इथला मऊसर भात, बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा ‘ब्रोदो’ कशाचा आहे ते विचारा. आन्योलोत्ती या सारण भरलेल्या पास्त्याच्या पोटात बहुधा मांसच असतं. बान्या काउदा ही इथली लसणाची गरम चटणी वासाने भुरळ घालते, पण तिच्यात अँकोव्ही मासे विरघळलेले असतात. पार्मिज्यानो चीजला वासराच्या पोटातलं विरजण लागतं. तुम्हाला ते चालत नसेल तर वनस्पतीजन्य विरजणाचं चीज मागून घ्या. हे विचारण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. पदार्थात काय आहे हे सांगायला इथल्या माणसाला मनापासून आवडतं.

आणि फारिनाता खाच. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, एवढंच. तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून मऊ, वर भरडलेली मिरी. पहिला घास घेतला आणि मला आईच्या बेसनाच्या पोळ्याची आठवण आली. पदार्थ मूळचा शेजारच्या लिगुरियाचा, पण तोरिनोने तो आपला करून टाकलाय. त्यामुळे ‘फारीना दी चेची’ या नावाने बेसन सुपरमार्केटात मिळतं आणि पिठल्याची सोय होते. मी शेजारच्या आजींना पिठलं नेऊन दिलं तेव्हा त्यांनी ब्रेडच्या तुकड्याने वाटी पुसून खाल्ली. त्याला इथे ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात.

भाताबद्दलही सांगते. मिलानला जाताना सावकाश गाडी पकडा आणि एप्रिल-मे असेल तर खिडकीशी बसा. वेर्चेल्ली ते नोवारा दोन्हीकडे पाण्याने भरलेली खाचरं दिसतात, मावळात आल्यासारखं वाटतं. अर्बोरिओ तांदळाला नावही वेर्चेल्लीजवळच्या अर्बोरिओ गावावरूनच मिळालंय. रोजच्या वरण-भाताला मात्र तो घेऊ नका, चिकट होतो.

हॉटेलात बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून, म्हणजे टेबलावर बसण्याचे, माणशी एक ते तीन युरो लागतात, ती लुबाडणूक नव्हे. टिप सक्तीची नाही. दुपारी अडीचनंतर बऱ्याच स्वयंपाकघरांत चूल बंद होते, रात्री साडेसातच्या आत पेटत नाही. ऑगस्टच्या मध्यावर, १५ तारखेच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या सणाच्या आसपास, निम्मं शहर कुलूपबंद असतं. किराणा आधी भरून ठेवा.

पोस्टात किंवा डॉक्टरकडे नंबराची चिठ्ठी नसेल तर ‘शेवटचं कोण?’ असं विचारा, ‘की ए लुल्तिमो?’ कुणीतरी हात वर करेल, मग त्याच्यामागे तुम्ही. वयाने मोठ्यांना ‘चाओ’ म्हणू नका, ‘लेई’, म्हणजे आदराचं ‘आपण’, वापरून बोला. तू, तुम्ही, आपण यांतला फरक आपल्याला जन्मापासून कळतो, त्यामुळे हे जड जाणार नाही.

कधीतरी रविवारी कुणी जेवायला बोलावेल. मिठाईच्या दुकानातून छोट्या पेस्ट्री घ्या. त्या कागदात बांधून वर रिबीन लावून देतात. वेळेच्या आधी पोचू नका. दार उघडलेलं असलं तरी उंबऱ्यावर थांबा आणि म्हणा, ‘पेर्मेस्सो?’ परवान्यासाठी तुम्ही रांगेत उभे राहिलात तोच हा शब्द. आतून ‘आवांती, आवांती’ ऐकू आलं की आत जा.