कवयित्रीच्या वाड्याभोवती बाग करायची तर आधी लॉन विसरा

खान्देशात कवी-लेखकाच्या जुन्या घराभोवती बाग करायची म्हटली की लोकं लॉन टाकतात, कडेला दोन पाम, मधे पुतळा आणि बंद पडलेलं कारंजं. मीपण एकदा अशाच एका कामात होतो, लॉन मार्चमधे मस्त, मेमधे काथ्याची चटई, टँकरवाल्याला फोन करून करून थकलो. ४५ डिग्रीत गवत जगवायची हौस कशाला भो?

म्हणून आधी पुस्तक उघडायचं, कुदळ नंतर. समजा जागा कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या (१८८०-१९५१) आठवणीची आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं, गाणी तोंडीच, पुस्तक १९५२ साली म्हणजे त्या गेल्यावर आलं. पेन्सिल घेऊन बसा आणि त्यातल्या प्रत्येक झाडाखाली, पाखराखाली, शेतीच्या कामाखाली रेघ मारा, ती यादी म्हणजेच तुमचा प्लॅन.

आता त्यांच्या गाण्यातला सुगरणीचा खोपा, म्हणजे सुगरण पाखराचं विणलेलं घरटं. सिमेंटचा खोपा करून टांगू नका, प्लीज. विहीर असेल तर काठावर बाभूळ लावा, फांद्या पाण्यावर झुकू द्या, आणि जवळच ज्वारीच्या चार-पाच ओळी पेरा. पावसाळ्यात नर त्या पानांच्या लांब चिरफळ्या काढतो नि विणायला बसतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तर ठीक, नाहीतर अर्धा खोपा तसाच लोंबतो. तो अर्धा राहिलेलापण काढू नका, लोकं त्याच्यासमोरच जास्त वेळ उभी राहतात. कणसं पाखरं खाणारच, त्याचा हिशोब धरू नका.

वड हवाच, पण घरापासून लांब, प्लॉटच्या टोकाला. धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घराच्या मातीच्या भिंतीला मुळंपण चालत नाहीत आणि ओलपण, त्यामुळे ड्रिपची नळी भिंतीच्या कडेने फिरवू नका, तिथं नुसता मुरूम टाकून पाणी बाहेर जाईल असा उतार द्या. भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर दोन पानं असतानाच उपटा.

खरी डोकेदुखी काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वर सिमेंटमधे बसवलेली टाईल दुसऱ्याच वर्षी वाकडी होते. पायवाटेपुरती फूटभर माती काढा, मुरूम भरून दाबा, वर शहाबादी फरशी सुटीच ठेवा. झाडांचे खड्डे मेमधे काढून तापू द्या, लागवड चांगला पाऊस झाल्यावर.

झाडांच्या पाट्या मात्र बहिणाबाईंच्या बोलीतच लिहा. आमच्याकडे पेंटरने ‘केय’ खोडून ‘केळ’ केलं होतं, शुद्धलेखन म्हणे. पुन्हा रंगवायला लावलं.