पर्यावरणाचा इतिहास एका कपाटात मिळत नाही: माझा अनुभव

नदीकाठच्या पाणथळ जमिनी कशा नाहीशा झाल्या, हे शोधायचं होतं. ग्रंथालयाच्या सूचीत ‘पर्यावरण इतिहास’ टाकलं, तर सगळी अलीकडचीच पुस्तकं आली. साहजिक आहे, ही अभ्यासशाखा रुजली ती १९७० च्या दशकात. त्याआधीचा मजकूर भलत्याच कपाटांत विखुरलेला असतो. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या ग्रंथालयीन पद्धतीत, नैसर्गिक संसाधनं ३३३.७ ला, हवामान ५५१.६ ला आणि वनशास्त्र थेट शेतीच्या घरात, ६३४.९ ला!

मग कामाच्या एका पुस्तकाची सूचीतली पूर्ण नोंद उघडली आणि तिथल्या विषयशीर्षकांचा, म्हणजे पुस्तकाला दिलेल्या ठरावीक विषयनावांचा, माग काढत गेलो. जमिनीचा निचरा, मासेमारी, हिवताप अशा वाटा फुटल्या. हिवतापाच्या जुन्या अहवालांत दलदलींचं इतकं बारीक वर्णन सापडलं की मी हरखून गेलो.

खरा खजिना मात्र नकाशांचा. एकाच भागाचे वेगवेगळ्या काळातले नकाशे मागवून शेजारी ठेवा. कोपऱ्यात सर्वेक्षणाचं साल जरूर बघा. ते छपाईच्या सालापेक्षा बरंच जुनं असू शकतं, आणि मग तळं बुजल्याचा काळच चुकतो. जुनी वृत्तपत्रं स्कॅन केलेली असली, तरी पुसट अक्षरं संगणकाला नीट वाचता येत नाहीत. महत्त्वाच्या वर्षांची पानं स्वतःच चाळावीत.