खाडीत गळ टाकायचा तर आधी पाणी वाचा: कोल्हापूरकरांसाठी

आपल्या भागातल्या माणसाला नदी कळते. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या पोराला धार कुठं आहे आणि भोवरा कुठं आहे हे सांगावं लागत नाही. पण तोच माणूस पहिल्यांदा कोकणात जाऊन खाडीवर रॉड घेऊन उभा राहतो आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं घाट चढतो. नदी एकाच दिशेनं वाहते, खाडी मात्र दिवसातून साधारण चार वेळा दिशा बदलते. दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं. मासा खातो तो या बदलाच्या हिशोबानं. म्हणून ‘कुठला रॉड घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ‘जायच्या दिवशी तिथी काय आहे?’

उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे, सोमवारी बंद असतं. त्यामुळं माझी सगळी मासेमारी सोमवारची, आणि कुठला सोमवार घ्यायचा हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठरतं. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार. द्वादशीला नऊ. हा हिशोब मुंबईकडं जास्त जुळतो. दक्षिणेकडं, म्हणजे विजयदुर्ग-मालवणच्या बाजूला, भरती त्याच्या आधी येते, म्हणून मी त्यातून पाऊण-एक तास वजा करतो. अर्थात हा अंदाज झाला. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघायची, मोबाईलवर मिळतं. पण पाऊणपटीचा हिशोब डोक्यात बसला की महिनाभराची खाडी तुम्हाला घरबसल्या दिसायला लागते.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण येतं, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद. काठावरून गळ टाकायला उधाणाच्या आधीमागचे दिवस चांगले, कारण पाण्याला जोर असला की बारीक मासा आणि कोळंबी ओढली जाते आणि मोठा मासा तोंड उघडून आडोशाला थांबतो. कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी, न्यायची तर माझी पसंती दशमी ते द्वादशी. या दिवसांत सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान पाणी भरतं आणि मग दुपारपर्यंत उतरत राहतं, ओढही उधाणाएवढी नसते. आता एकादशी आणि सोमवार एकत्र आले तर घरी त्या दिवशी मासा शिजत नाही. बर्फ जास्त घ्यायचा, मंगळवारी खायचा.

जायचं कुठं? गगनबावड्यावरून करूळ नाहीतर भुईबावडा घाट उतरलात की वैभववाडी, तळेरे आणि तिथून विजयदुर्गची वाघोटन खाडी. पहाटे भरतीला गाठायचं असेल तर रात्रीच निघावं लागतं, म्हणून मी आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करतो. फोंडा घाटानं गेलात तर देवगड, आचरा, कालावल, आणि खाली देवबागला समुद्राला मिळणारी कर्ली. अंबा घाटानं रत्नागिरीकडच्या खाड्या. निवडताना एक लक्षात ठेवा: मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं गळ टाकायचा नाही.

घाटमाथ्यावरचा पाऊस इथं कामाला येतो. गगनबावड्याच्या पूर्वेला पडलेलं पाणी कुंभीतून पंचगंगेला येतं, पश्चिमेला पडलेलं काही तासांत खाडीत उतरतं. आदल्या दिवशी घाटात जोराचा पाऊस असेल तर खाडी वरच्या अंगाला गढूळ आणि गोडी होते, आणि खाऱ्या पाण्यातला मासा मुखाकडं सरकतो. अशा दिवशी आतल्या पुलाऐवजी खालच्या अंगाला उभं राहायचं. पावसाळ्यात मात्र मी खाडीवर जात नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ती बंदी हौशी गळाला लागू नसली, तरी तो माशांच्या विणीचा काळ आहे आणि पाणीही भरवशाचं नसतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम.

काठावर पोचलात की लगेच रॉड जोडू नका. दहा मिनिटं नांगरलेल्या होड्या बघा. होडी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, नांगरलेली असली की तिचं तोंड येणाऱ्या पाण्याकडं असतं. भरती चालू असताना सगळ्या होड्या समुद्राकडं तोंड करून एका रांगेत उभ्या दिसतात. मग एक वेळ अशी येते की दोर सैल पडतात आणि कुठली होडी कुठंही बघत असते. थोड्या वेळानं एकेक करून त्या जमिनीकडं तोंड फिरवतात. ओहोटी लागली. हे मला तिथल्या एका गाबीत म्हाताऱ्यानं दाखवलं. मी विचारलं होतं, ‘मामा, पाणी फिरलं का?’ तर जाळं विणता विणता मान वर न करता म्हणाले, ‘होडयेची तोंडा बघ मरे.’ त्या दिवसापासून मोबाईलमधलं कोष्टक मी घरी वापरतो आणि खाडीवर होड्या बघतो. कारण खाडी जितकी आत, तितकं पाणी उशिरा फिरतं, आणि कोष्टक असतं बंदराचं.

पाणी पूर्ण थांबलेलं असतं तेव्हा चहा प्या. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचे पहिले दोन, हे खरे कामाचे. भरतीत मासा पाण्याबरोबर कांदळवनाच्या मुळांत, खडकांत शिरतो, तेव्हा गळ काठाजवळ हवा. ओहोटी लागली की कांदळवनातले छोटे ओहोळ खाडीत रिकामे होतात, त्यांच्याबरोबर कोळंबी आणि बोयची पिल्लं बाहेर पडतात. त्या ओहोळाच्या तोंडाशी, जिथं वाहतं आणि थांबलेलं पाणी यांच्यामध्ये फेसाची रेघ दिसते, तिथं गळ पडला पाहिजे. पुलाच्या खांबामागं, धक्क्याच्या कोपऱ्यावर हीच रेघ शोधायची. सगळी खाडी सोडून मासा त्या दोन हात रुंदीच्या पट्टीत असतो.

काठासाठी आठ-नऊ फुटी स्पिनिंग रॉड, ४००० नंबरचा रील, २० पौंडांची ब्रेड लाईन, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढं गळाजवळ दीड-दोन हात ४० पौंडांचा लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा. लीडर जाड का, तर जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते आणि खडकावरची कालवं त्याहून वाईट. शिसं सरकतं ठेवायचं, म्हणजे माशाला वजन जाणवत नाही. ओढ बघून ३० ते ६० ग्रॅम. गळ सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला, कारण तो बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात लागतो आणि मासा सोडायचा असेल तर जिवंत सुटतो. फक्त सर्कल हुकला झटका मारायचा नाही. लाईन ताणली की सावकाश रील फिरवायला लागायचं.

ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की लाईन सुटायची हे ठरवणारा रीलचा ब्रेक, लोक हाताच्या अंदाजानं लावतात आणि मोठा मासा लाईन तोडून जातो, हे मी काठावर कायम बघतो. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही. बॅगा तोलायचा स्प्रिंगकाटा मिळतो, तो घ्या. रॉडला लाईन ओवा, टोक काट्याला बांधा, काटा जोडीदाराच्या हातात द्या आणि रॉड वाकेल असा ओढा. २० पौंड म्हणजे साधारण नऊ किलो. त्याच्या पाव ते एक तृतीयांश भारावर, म्हणजे सव्वादोन ते तीन किलोला, ड्रॅग सुटायला हवा. तो अडखळत, टक-टक करत सुटत असेल तर आतल्या वॉशरवर मीठ किंवा सुकलेलं ग्रीस आहे. उघडून पुसा, ड्रॅगचंच ग्रीस लावा. सुटणं रेशमासारखं पाहिजे.

आमिषात जिवंत कोळंबीला तोड नाही. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणाऱ्याकडून सकाळीच घ्या आणि पैसे देताना घासाघीस करू नका. बादलीत हवा सोडणारा बॅटरीचा पंप हवा, आणि बादली सावलीत. कोळंबी उजेडाकडं धरा, डोक्यात एक काळा ठिपका दिसतो. गळ त्या ठिपक्याच्या पुढून, शिंगाच्या खालून आडवा घाला. ठिपक्याला लागला तर ती तिथंच मरते, चुकवला तर बराच वेळ पाय मारत राहते, आणि मासा येतो तो त्या हालचालीवर. नवशिक्यानं मात्र पहिल्या दिवशी जिताड्याच्या मागं लागू नये. वाळूच्या पट्ट्यावर छोटा गळ, सोललेल्या कोळंबीचा तुकडा, आणि मासा मुडदुशी. हात बसतो, घरी कालवणही होतं.

आता कयाक. गाडीच्या टपावरून नेत असाल तर पट्टा घाटाच्या आधी आणि घाट उतरल्यावर, दोन्हीकडं तपासा. सिट-ऑन-टॉप प्रकारची, म्हणजे आत न शिरता वर बसायची, दहा-बारा फुटी घ्या. उलटली तरी पाय आत अडकत नाहीत आणि तिच्यात पाणी साठत नाही. हवा भरायची कयाक कालवांच्या खडकावर नेऊ नका. लाईफ जॅकेट अंगात पाहिजे, मागं बांधलेलं नाही. मला पोहता येतं हे कारण चालत नाही. विहिरीत सूर मारणारा माणूससुद्धा ओहोटीच्या ओढीविरुद्ध दहा मिनिटांत थकतो. वल्हं आणि रॉड दोरीनं कयाकला बांधलेले, गळ्यात शिट्टी, मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर. पहिल्या दिवशी मासेमारी करूच नका. छातीएवढ्या शांत पाण्यात जोडीदार काठावर ठेवून कयाक मुद्दाम उलटवा आणि परत वर चढा. दमलेलं असतानाही चढता येईपर्यंत हेच करा.

बेत असा आखायचा: उजाडता उजाडता भरतीच्या शेवटच्या पाण्याबरोबर आत, वरच्या अंगाला जायचं. पाणी थांबलं की वळायचं, आणि ओहोटीबरोबर ओहोळांच्या तोंडांवर गळ टाकत खाली उतरायचं. दोन्ही वेळा पाणी तुम्हाला नेतं. अकराच्या आत काठाला. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो मंद. दुपारकडं समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि बाहेर जाणारी ओहोटी व आत येणारा वारा समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात. मच्छीमारांच्या होड्या अशा वेळी आत येताना दिसतात. तुम्ही तर त्याआधीच चहाच्या टपरीवर असलं पाहिजे. आणि मुखाकडं जायचं नाही. देवबागच्या संगमाचं पाणी कितीही निळं दिसलं तरी वाळूच्या पट्टीवर लाट फुटते, तिथं कयाकचं काम नाही.

नांगर टाकायचा तर पुढच्या किंवा मागच्या टोकाला, बाजूला कधीच नाही. ओढीत बाजूनं दोर ताणला की कयाक उलटते. सुरी हाताशी ठेवा. दोर अडकला तर कापून मोकळं व्हायचं, नांगर गेला तरी चालेल.

पाण्यात काठ्या रोवून लावलेली जाळी दिसली की लांबून वळसा. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर गळ गुंडाळा, वाटलं तर दोराला हात लावा. ती त्यांची रोजी आहे, आपली सुट्टी आहे. कांदळवनाची फांदी तोडून वाट करणं गुन्हा आहे, आणि ते झाडच नसेल तर तुमचा मासाही नाही. पांढरी चिप्पी हे महाराष्ट्राचं राज्य कांदळवन वृक्ष आहे, २०२० पासून. तिची जमिनीतून वर आलेली श्वासमुळं पायाखाली तुडवली जातात, तेवढं बघून चाला. चिखलात पाय घासत टाका, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेलं पाकट असलं तर आधीच सरकतं. शिंगाळ्याचे काटे विषारी. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडं जा. पोट फुगवणारा केंड लागला तर सोडून द्या, कुणी काहीही सांगितलं तरी खायचा नाही.

मासा किती ठेवायचा याबद्दल मी हट्टी आहे. जिताडा, ज्याला मालवणकडं चणक म्हणतात, तो नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोला शोभणारा सर्वांत मोठा जिताडा ही बहुतेक अंडी घालणारी मादी असते. ती मी सोडतो. मधल्या मापाचा एखादा घरी पुरतो. छोटी तांबोशीही सोडतो, कारण ती खाडीत लहानाची मोठी होते आणि मग समुद्रात जाते. सोडताना हात ओले करा, कल्ल्यात बोटं घालू नका, एक हात पोटाखाली धरून मासा आडवा ठेवा आणि त्यानं स्वतः शेपूट मारेपर्यंत पाण्यात धरा. ठेवायचा असेल तर लगेच मारून रक्त जाऊ द्या आणि बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवलेला मासा घाट चढेपर्यंत एका बाजूनं मऊ पडतो.

घरी आल्यावर कितीही उशीर झाला तरी रील आधी. ड्रॅग घट्ट आवळा, म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही, आणि गोड्या पाण्याची हलकी फवारणी करा. जोराचा फवारा मारला तर मीठ बेअरिंगच्या आत ढकललं जातं. फडक्यानं पुसून सावलीत वाळवा, हँडलच्या सांध्यात आणि लाईन रोलरवर तेलाचा एक थेंब, आणि शेवटी ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेला राहिला तर वॉशर दबतात, आणि पुढच्या सोमवारी तो पुन्हा टक-टक करायला लागतो.